कौशल्या कासारीण आणि जपानचा रुसवा

अमरावतीत अंबागेटच्या आतल्या निम्म्या लेकीसुना कौशल्या कासारणीकडून बांगड्या भरून घेत. बाई बोलकी, इतकी की तिची टोपली दारात यायच्या आधी आवाज माजघरात पोचे. भरताना बांगडी फुटली तर नुकसान कासाराचं, हा धंद्याचा नेम. पण कौशल्याला तो झटका क्वचितच बसे.

सन एक्केचाळीसच्या श्रावणात मात्र घोळ झाला. जपाननं फ्रेंचांच्या मुलखात फौज घुसवली, म्हणून इंग्रज-अमेरिकेनं त्याच्याशी व्यापारच तोडला. आता हे कुठलं कुठं! पण पातळ, सुबक जपानी बांगडी बाजारातून नाहीशी झाली आणि कौशल्याच्या टोपलीत उरला फिरोजाबादचा जाड, पेरांवरून सहज न सरकणारा माल. त्याची तिला धास्तीच बसली. चार घरी फूटतूट झाली, तशा बायका कुजबुजू लागल्या, कौशल्याचा हात गेला म्हणून.

तुळशीचं लग्न लागल्यावर वामनराव वकिलांच्या चारुशीलेचा चुडा भरायचं बोलावणं आलं. नवरीचीच बांगडी फुटली, तर अंबागेटात पुन्हा कोणी दारात उभं करणार नाही, हे कौशल्या पुरतं ओळखून होती.

ती मान खाली घालून मुकाट बसली. चारुशीलेचा हात लाकडासारखा ताठ. पहिलीच बांगडी बोटांच्या पेरांवर अडली आणि तड् झाली.

"वाढली, वाढली," नवरीची आई घाईनं म्हणाली. 'फुटली' म्हणायचं नसतं. पण तिचं तोंड उतरलं. दुसऱ्या कासाराला निरोप धाडावा का, असं ती हळूच विचारू लागली.

तेवढ्यात मैनाबाई, नवरीची आत्या, खेकसल्या, "कौशल्ये, आज तोंडाला कुलूप काहून लावलं गं?"

मग काय! कौशल्याचा बांध फुटला. "काय सांगू आत्याबाई! जपान्यानं दुसऱ्याच्या वावरात बैल घातले. इंग्रज म्हणते, तुह्या घरचं पाणी पेत नाई. रुसले दोघं, वरमाया रुसतात तसे! दोघंबी तिकडं मिशा पिळून राहिले, अन् दोघायपैकी बांगड्या कोणी घालते का? अडलं कोनाचं? माह्या टोपलीचं!"

माजघर हसून लोळलं. चारुशीला डोळे पुसू लागली, तिचा हात कौशल्याच्या मांडीवर सैल पडला आणि बांगडी मनगटावर जाऊन बसलीसुद्धा. कौशल्या बघतच राहिली. अरे देवा! तीन महिने ती फिरोजाबादला शिव्या घालत होती, आणि बडबडीनंच हात सैल पडतात हे विसरून भीतीनं गप्प बसत होती ती स्वतःच. मग तिनं तोंड मिटलंच नाही. इंग्रज-जपान पुरले नाहीत, तेव्हा तिनं जर्मनीलाही मांडवात ओढलं.

दोन्ही हात भरले. रिवाजाप्रमाणे चारुशीला कासारणीला नमस्कार करायला वाकली. कौशल्याला इतका आनंद झाला की आशीर्वाद राहिला बाजूला. तिनं पोरीला उचलून कवटाळलंच. बांगड्या खणखणल्या.

"अगं हळू, वाढतील ना!" आत्याबाई ओरडल्या.

"वाढल्या त वाढू द्या," कौशल्या म्हणाली. "आता मले भरता येते."