दिवेलागणीनंतरचा जिना

इरा, निखिल,

पुण्याहून निघायच्या दिवशी माझी बॅग दोन किलो जास्त भरली. तुमच्या आईने माझं जाडजूड चित्रांचं पुस्तक बाहेर काढलं आणि पितळी सोऱ्या आत ठेवला. मी नेमकं उलट केलं. निखिल, तू बॅगेवर बसलास तेव्हा कुठे चेन लागली. बसल्या बसल्या तू विचारलंस, "आजी, परत कधी येणार?" जन्मभर वर्गात स्पष्ट उत्तरं मागणारी मी "बघू" म्हणाले.

खरं तर सगळं ठरलेलं होतं. आजोबांना जर्मनीत झिंडेलफिंगेनच्या मोटारींच्या कारखान्यात तीन वर्षांचं काम मिळालं होतं आणि त्यासाठी मी कॉलेजातली इंग्रजी शिकवण्याची नोकरी मुदतीआधी सोडली होती. पण तुम्हाला सोडून राहणं जमेल याची मला खात्री नव्हती. आजोबा म्हणाले, "जानेवारीपर्यंत बघ. नाही जमलं तर तू परत जा, मी राहीन एकटा." परतीचं तिकीट कपाटात होतं.

पुस्तकातले चित्रकार शंभर वर्षांपूर्वीच्या अमेरिकेतले. त्यांनी शहरातला रोजचा दिवस रंगवला: गच्चीवर वाळणारे कपडे, खाणावळीत एकटी जेवणारी बाई, पायऱ्या झाडणारी मोलकरीण, दारापुढचे राखेचे डबे. लोकांनी त्यांना त्या डब्यांवरूनच नावं ठेवली. त्यांच्या चित्रांत कुणी नटूनथटून बसलेलं नसतं, जो तो आपल्या कामात असतो. मी ते पुस्तक वर्गात न्यायचे आणि सांगायचे, एक चित्र निवडा, दहा वाक्यं लिहा.

परदेशातलं शहर त्या चित्रांसारखं असेल असं मी धरून चालले होते. आमच्या रस्त्यावर कचऱ्याचे डबे होते खरे, पण रंगवार, झाकणं लावून, एका ओळीत. माझा टापटिपीचा सोस तुम्हाला माहीत आहे. तरी डबे इतके शिस्तीत उभे आणि त्यांच्याजवळ माणूस नाही, हे मला सोसेना. नोव्हेंबरात मी तिकिटावरची तारीख दोनदा पाहिली.

डिसेंबरात आमच्या दाराला एक लाकडी पाटी लटकली. त्या आठवड्यात इमारतीचा जिना आणि दारापुढची फरशी झाडायची पाळी आमची होती, शनिवारपर्यंत. शनिवारी बाजार करून परतायला पाच वाजले. मी झाडू उचलला तर बाहेर दिवे लागलेले. माझी आई म्हणायची, "दिवेलागणीनंतर केर काढू नये, लक्ष्मी बाहेर जाते." एवढी इंग्रजी शिकले, पण हात पुढे होईना. झाडू ठेवला आणि देवापुढे दिवा लावला.

थोड्या वेळाने बेल वाजली. खालच्या मजल्यावरच्या फ्राऊ बाउमान, पंचाहत्तरीच्या, दारात उभ्या. जिना झाडलेला नाही आणि उद्या रविवार, असं त्यांनी तोडक्या इंग्रजीत सांगितलं. आजोबा लगबगीने झाडूकडे निघाले. मी त्यांना थांबवलं आणि बाईंना खरं कारण सांगितलं. सांगताना माझं मलाच हसू येत होतं. त्या मात्र हसल्या नाहीत. म्हणाल्या, त्यांची आजी नाताळपासून सहा जानेवारीपर्यंत दोरीवर कपडे वाळत घालू देत नसे. घातले तर घरात कुणीतरी दगावतं म्हणे.

"आणि तुम्ही?" मी विचारलं.

"मीही नाही घालत. पण लक्ष्मी तुमच्या घरातली ना? जिना तर सगळ्यांचा आहे."

"गेनाऊ," आजोबा मागून म्हणाले. अगदी बरोबर. त्यांना नुकताच आलेला शब्द, त्यांनी माझ्याविरुद्ध वापरला.

आम्ही दोघींनी मिळून जिना झाडला. मग त्या चहाला वर आल्या. टेबलावरचं पुस्तक चाळताना पायऱ्या झाडणाऱ्या बाईवर त्यांनी बोट ठेवलं. "हिने कोपरे सोडलेत," म्हणाल्या.

दुसऱ्या सकाळपासून मी खिडकीत वही घेऊन बसू लागले. रोज दहा वाक्यं. सायकल ढकलत नेणारी पोस्टवाली, पावाची पिशवी छातीशी धरलेला म्हातारा, फरशीवरचं बर्फ खरवडणाऱ्या फ्राऊ बाउमान. माणसं पहिल्यापासून होती. मी गोंगाट शोधत होते.

जानेवारीत आजोबांनी चाचरत तिकिटाचं विचारलं. मी म्हटलं, "रद्द करा. फेब्रुवारीत आपली पाळी आहे."

पुणं माझं घर आहेच, त्यात वाद नाही. पण तिथला जिना आता दुसरं कुणी झाडतं. तुम्ही मे महिन्यात याल तेव्हा पाटी आपल्या दारावर असेल, मी कॅलेंडरवर मोजून ठेवलंय. झाडू दोन घेतलेत. आणि मेमध्ये इथे नऊपर्यंत उजेड असतो, तेव्हा सबब चालणार नाही. कोपरे बघायला फ्राऊ बाउमान येतील.

तुमची आजी