हंबीरदादाच्या छातीचं माप

माझी आई राहीबाई. आष्ट्याजवळच्या आमच्या वस्तीवर तिचा शब्द म्हणजे शब्द. गुऱ्हाळात काहिलीपाशी उभी राहिली की नुसत्या वासावरून सांगायची, उतरवा आता, आणि गुळव्या मुकाट उतरवायचा. अशा बाईशी वाद घालायचा म्हणजे भिंतीवर डोकं आपटून घेणं. मी घालायचे. तिचीच पोर ना मी!

त्रेचाळीस सालचा डिसेंबर. माझा भाऊ हंबीरदादा शनिवारी संध्याकाळी पलटणीतून आठ दिवसांच्या रजेवर आला. पुढं कुठं धाडणार ते सांगितलं नव्हतं, एवढंच कळलं होतं की मुलूख बर्फाचा आहे. आदल्या हिवाळ्यात छातीत कफ भरून तो महिनाभर इस्पितळात पडला होता, जेमतेम वाचला. म्हणून त्याचं पत्र आल्या दिवसापासून मी स्वेटर विणायला घेतला होता. लढाईपायी लोकर मिळेना. सांगलीत कशाबशा चौदा लडी मिळाल्या, पंधरावी दुकानात नव्हती.

साताऱ्याला मामाकडे शिकायला होते, तेव्हा शाळेतल्या चारुशीलाबाईंनी गळ्यापासून खाली विणायची रीत शिकवली होती. गळ्याचे शहाण्णव टाके. पुढं बत्तीस, मागं बत्तीस, बाह्यांना सोळा-सोळा. चारी सांध्यांच्या दोन्ही अंगांना एकेक टाका वाढवायचा, तोही एकाआड एक फेरीत. म्हणजे दर वाढीला आठ टाके, त्यातले चार धडाला, चार बाह्यांना. छातीएवढं झालं की बाह्या वेगळ्या काढायच्या. किती वेळा वाढवायचं, सगळी मेख तिथं. कमी पडलं तर स्वेटर अंगात जाणार नाही, जास्त झालं तर लोकर बाह्यांना पुरणार नाही.

आणि माप घ्यायला आईची बंदी! तिचा भाऊ नाथाजी पहिल्या लढाईला निघाला, तेव्हा शिंप्यानं त्याला दारात उभा करून माप घेतलं होतं. नाथाजीमामा बसऱ्याहून परत आलाच नाही. तेव्हापासून आमच्या घरात लढाईवर जाणाऱ्याच्या अंगाला दोरा लावायचा नाही, अर्धवट शिवलेलं-विणलेलं अंगावर धरून बघायचं नाही. शिंप्याला जुना सदरा द्यायचा, संपलं. मीही दादाच्या जुन्या सदऱ्यावरूनच हिशेब केला. सदरा छत्तीस इंच भरला, पण आमच्याकडे कपडे वाढत्या अंगाचे शिवतात, म्हणून दोन वजा केले. चौतीस. इंचाला सहा टाके धरून पस्तीस वाढी झाल्या. दादा आला तेव्हा तेवढं विणून माझ्या सुयांवर तयार होतं, बाह्या वेगळ्या काढायच्या तेवढ्या राहिल्या होत्या.

रविवारी सकाळी तो विहिरीवर उघड्या अंगानं आंघोळ करताना दिसला. कवायत करून करून गडी आडवा भरला होता! अजून वाढवायला हवं हे उघड होतं. पण किती? चार वेळा? आठ वेळा? शनिवारी तर तो निघणार.

"दादा, माप दे की रं."

"आय न्हाई म्हणती न्हवं? मग नगं."

"आन् थंडीनं मेलास म्हंजी?" बोलून गेले आणि जीभ चावली.

दुपारी जेवून तो सोप्यात आडवा झाला आणि घोरायला लागला. आई मळ्यात होती. मी दोरा घेतला, त्याचा जड हात हळूच उचलला आणि पाठीखालून दोरा सारायला लागले. दोरा अर्धा सरकला असेल नसेल, तेवढ्यात दारात सावली पडली.

डोक्यावर वैरणीचा भारा घेऊन आई उभी होती.

"निजल्या माणसाला दोरा लावतीस? मढं हाय व्हय गं त्ये?" भारा तिथंच धाडकन खाली पडला.

"मढं हुऊ ने म्हणूनच लावतीया!" मीही ओरडले. "गेल्या साली त्याची छाती भरली तवा तू हुतीस का तिथं? सहा दिस ऱ्हायल्यात, आये. मला आकडा पायजे. न्हाईतर घाल त्यो स्वेटर चुलीत!"

दादा धडपडून उठून बसला. आई माझ्याकडे एकटक बघत होती. मला वाटलं, आता कानाखाली बसते. भीती वाटत होती, आणि रागही मावत नव्हता.

आईनं पदरानं तोंड पुसलं. "उट रं. हुबा ऱ्हा. घ्यायचंच तर हुब्या माणसाचं घिऊ." माझ्या हातातला दोरा तिनं हिसकून घेतला. "तू नगं. माझ्या हातनं हुंदे. काय व्हायचं त्ये मला हुईल."

छाती अडतीस निघाली. चार इंचांचे चोवीस टाके, दर वाढीला धडाचे चार, म्हणजे आणखी सहा वाढी. शनिवारी सकाळी स्वेटर अंगात गेला आणि हातभर लोकर उरली. पण ते सगळं नंतरचं.

त्या दुपारी आईनं दोरा दादाच्या छातीवर धरला आणि टोकं पाठीमागं जुळवायला दोन्ही हात त्याच्याभोवती घातले. ती त्याच्या खांद्यालाही पुरत नव्हती. हात पोचेनात म्हणून तिनं गाल त्याच्या छातीला टेकवला. त्याला मिसरूड फुटल्यापासून तिनं असं कधी धरलं नव्हतं. पाया पडला की डोक्यावर हात, एवढंच. टोकं जुळली. मी मागून कोळशानं खूण केली आणि बाजूला झाले.

"आये, झालं का?" दादानं विचारलं.

"हलू नगंस," आई तशीच उभी राहून म्हणाली. "आजून न्हाई झालं."