कानातला फाया आणि कोरमंगला

बंगळुरू स्टेशनावर सईनं मला वाकून नमस्कार केला आणि सरळ होताहोता माझ्या कानातला अत्तराचा फाया काढून घेतला. मग हात पुढे केला. "कुपीपण द्या, बाबा."

गेली तीस वर्षं मी हिना लावतो. मागच्या खेपेला तिच्या ऑफिसच्या समारंभात साहेब माझ्याशी बोलताना सारखे शिंकत होते. आज संध्याकाळी तिच्या होणाऱ्या सासरी बोलणी करायला जायचं होतं. "इथं उन्हाळा सुरू झालाय. काहीतरी लाइट, सिट्रसी लावा. माझ्यासाठी," ती म्हणाली. उन्हाळा म्हणजे तेहतीस अंश. आम्हा नागपूरकरांना त्यात स्वेटर आठवतो. पण लेकीला आपली लाज वाटते हे कळल्यावर हवामानावर वाद काय घालणार? कुपी निमूट दिली. तिनं दोन्ही वस्तू पर्समध्ये टाकल्या.

कोरमंगलातलं दुकान दवाखान्यासारखं पांढरं आणि गार होतं. विक्रेती मुलगी कागदाच्या पट्ट्या फवारून नाकाशी धरत होती. "सर, इसमें लेमन है, और ऑरेंज ब्लॉसम." संत्र्याचा बहर! तो हुंगायला मी नागपूर सोडून इथवर आलो होतो. दर दोन वासांनंतर नाक ताजं व्हावं म्हणून ती कॉफीच्या बियांची वाटी पुढे करी. पाहुण्याला कॉफी द्यायची, पण नुसती हुंगायला.

"टिकतं किती?" मी विचारलं.

ती दयेनं हसली. "सर, ये टिकने के लिए नहीं है. फ्रेश फील करने के लिए है."

सईला पसंत पडलं, तिनं बाटली घेऊन दिली. मी अंगभर फवारून घेतलं. बसवनगुडीला जाताना रिक्षा तासभर ट्रॅफिकमध्ये अडकली. उतरलो तेव्हा माझ्या अंगाला फक्त धुराचा वास होता.

सासरची मंडळी पिढ्यान्‌पिढ्या इथं राहिलेली मराठी. व्याही होऊ घातलेले अण्णा दारातच म्हणाले, "या हो, स्वल्प (थोडं) टेका." आणि पाणी यायच्या आधी चांदीची अत्तरदाणी आली. माझ्या हातावर बोट फिरलं. हिना! "आमच्यात पाहुण्याला हेच लावतात," अण्णा ओशाळून म्हणाले, "तुम्हाला उग्र वाटंल."

मी सईकडे पाहिलं. तिचा हात केव्हाच पर्समध्ये गेला होता. "अण्णा, बाबांनी खास तुमच्यासाठी नागपूरहून आणलंय." चेहऱ्यावरची रेषा हलली नाही.

अण्णांनी माझी कुपी उघडली, डोळे मिटले. "सरी (बरं). आता बोलणी कसली? मुलगी आमची!"

परतीच्या गाडीत मी तो हलका सुगंध दोनदा फवारला. शेजारच्या प्रवाशानं मान वळवली नाही. मला राग आला होता. बापाच्या कानात असताना जो वास होता, तोच सासऱ्याच्या हातून लागला की सुगंध झाला.

घरी पोहोचलो तोच सईचा फोन आला. "बाबा, तुमचा फाया माझ्या पर्समध्येच राहिला. सगळ्या पर्सला वास येतोय."

"टाकून दे," मी म्हटलं.

"असू दे. टिकेल तेवढा."