दोरी कापायची कुणी

थंडीत शॅड मासा किनाऱ्याला लागला की इसिपिंगो गावच्या वाळूवर उजाडायच्या आत माणसांची रांग उभी राहते. खांद्याला खांदा, गळाच्या काठीला काठी. त्या रांगेत लोगनाथन मूनसामी यांची जागा ठरलेली होती. समोर लाटा फुटतात, पण मधे एक पट्टा असा आहे की तिथे लाट फुटत नाही, पाणी काळपट दिसतं. मासा त्या पट्ट्यातून आत येतो. त्याच्या बरोबर समोर लोगा अण्णा उभे राहत. त्यांना यायला उशीर झाला तर तेवढी जागा पडलेल्या दातासारखी मोकळी राही. कुणी तिथे पाऊल टाकत नसे.

लोगा अण्णांनी जन्मभर चपलांच्या कारखान्यात चामडं कापलं होतं. हात असा की रेघ मारायची गरज नाही. गळ टाकायचे तेही तसेच, नाकासमोर. आणि त्या रांगेत सरळ टाकणं ही काही हौसेची गोष्ट नव्हती. एकाचं शिसं, म्हणजे दोरीच्या टोकाचं वजन, तिरकं गेलं की ते चौघांच्या दोऱ्यांवर पडतं, गुंता होतो. शॅडची झुंड तर आली आली म्हणेपर्यंत पुढे जाते. सोडवत कोण बसणार? म्हणून रांगेचा नियम एकच होता. ज्याची दोरी तिरकी गेली त्यानं मुकाट्यानं आपली कापायची. गळ गेला, शिसं गेलं, आमिषाची तारली गेली, तरी हूं की चूं करायचं नाही.

हा नियम लोगा अण्णांइतका कडक कुणी पाळला नाही. ते कुणाला रागावत नसत. नुसते वळून बघत, कमरेची सुरी काढत आणि मुठीकडून पुढे करत. बस. भले भले त्या सुरीला वचकून असत. अण्णांच्या उजव्या हाताला भेकी न्गुबाने उभा राहायचा, अंगानं दाराएवढा. अण्णांना तो बाबा म्हणायचा. सांगायचा, "पहिल्या वर्षी बाबांनी इतक्यांदा सुरी पुढे केली, मला वाटलं भेटच देतायत."

गेल्या उन्हाळ्यात अण्णांना अर्धांगाचा हलका झटका आला. तोंड सरळ झालं, पाय चालू लागला, डावा हात मात्र मागेच रेंगाळला. किनाऱ्यावर त्यांनी कुणाला काही सांगितलं नाही. शिडीवरून पडलो म्हणाले. बायको अंबिगाय घरी म्हणाली, "यंदा घरातच बसा. मटार सोला."

"मटार सोलायलाही हात लागतोच की."

"म्हणून तर सांगते. हाताला काम मिळेल आणि मला मटार."

पण शॅड आला आणि अण्णा गेले. काठी फेकायला उजवा हात ढकलतो आणि डावा खालून ओढतो. डाव्यानं कच खाल्ली की शिसं डावीकडे भरकटतं. पहिलीच फेक डावीकडच्या राजेनच्या दोरीवर जाऊन पडली. राजेन शाळेची बस चालवायचा, अण्णांच्या शेजारी उभा राहूनच तो शिकलेला. अण्णांचा हात कमरेकडे जाईतो त्यानं स्वतःची दोरी कापलीसुद्धा.

"माझीच गेली तिरकी, अण्णा."

अण्णांनी मान हलवली. थोड्या वेळानं पुन्हा तेच. पुन्हा राजेननंच कापली. "वारा आहे आज," तो म्हणाला. वारा नव्हता.

दुसऱ्या दिवशी अण्णांनी जड शिसं लावलं आणि पाय जरा उजवीकडे वळवून उभे राहिले, म्हणजे डावीकडे जाणारं मधे येईल. चामडं कापणाऱ्याचा हिशेब. पण त्या खेपेला डाव्या हातानं नेमकी साथ दिली आणि शिसं उजवीकडे भेकीच्या दोरीवर गेलं. भेकीनं दात लावून आपली दोरी तोडली.

"लक्ष नव्हतं माझं, बाबा."

आता भेकीची दोरी कधीची पाण्यात पडलेली होती, वेताच्या काठीसारखी सरळ. पडलेली दोरी तिरकी जाईल कशी? अण्णांनी त्याच्याकडे बघितलं. भेकी समुद्राकडे बघत होता. राजेनही समुद्राकडे बघत होता. पलीकडची सगळी रांगच समुद्राकडे बघत होती, आणि मासा तर तेव्हा निघूनही गेला होता. तेव्हा अण्णांना कळायचं ते कळलं.

घरी आल्यावर ते जेवले नाहीत. चिंचेच्या रसातलं वांगं तसंच निवलं.

"दया करतायत माझ्यावर," ते म्हणाले.

"करू द्या की," अंबिगाय म्हणाली. "मी लग्न झाल्यापासून करतेय, तुम्हाला पत्ताही लागला नाही."

"थट्टा नको. त्या जागेवर मी उभा राहायचं आणि दोऱ्या त्यांनी कापायच्या? उद्यापासून जाणार नाही."

पहाटे उठून अंबिगायनं थर्मासमध्ये चहा भरला आणि दाराशी काठीच्या शेजारी ठेवला. अण्णा उठले, दाराशी आले आणि दोन्ही उचलून बाहेर पडले.

त्या दिवशी ते आपल्या जागेपाशी थांबले नाहीत. रांगेच्या पाठीमागून, मान खाली घालून पुढे गेले. राजेननं हाक मारली.

"अण्णा, इकडे."

"जरा तिकडचं पाणी बघून येतो."

तिकडे म्हणजे रांगेचं शेपूट. तिथे पाणी उथळ, खाली खडक. सुट्टीच्या दिवशी येणारे हौशी लोक तिथे पांगून उभे राहतात. अगदी टोकाला वेल्लिअम्मा बसायची, घडीच्या खुर्चीवर, मेलेल्या नवऱ्याचा रेनकोट आणि कानटोपी घालून. तिचा सगळा जन्म कपड्यांच्या कारखान्यात शिवणयंत्रावर गेलेला.

"वाट चुकलात काय, अण्णा?" ती म्हणाली. "राजेलोक तिकडे उभे राहतात."

"आज इथेच."

"राहा. पण इथे मासा कमी आणि बोलणं जास्त."

अण्णांनी गळ टाकला. तो डावीकडे गेला आणि तिच्या दोरीवर पडला. अण्णांनी सुरी काढली, स्वतःची दोरी बोटांत धरली.

"हे काय करताय?"

"माझी तिरकी गेली. मीच कापायची."

"असं कोण म्हणतं?"

अण्णांनी सुरीनं रांगेकडे दाखवलं.

"तिकडचं तिकडे ठेवा," वेल्लिअम्मा म्हणाली. "इथे सगळेच तिरके. कापत सुटलो तर दुपारपर्यंत हातात नुसत्या काठ्या राहतील. सुरी ठेवा आणि बसा इथे. या हातात धरा. ओढायचं नाही, नुसतं धरायचं."

अण्णा वाळूत बसले. डाव्या हाताला धरणं जमत होतं. ती गाठीत नखं घालून एकेक पदर मोकळा करू लागली आणि तोंडानं सुनेच्या हातच्या कढीची निंदा चालू होती. जन्मात कधी अण्णा मासा चालू असताना असे खाली बसले नव्हते. त्यांना चुकल्यासारखं वाटत होतं, आणि फारसं वाईटही वाटत नव्हतं.

तेवढ्यात गुंत्याला हिसका बसला. दोघांचे गळ अजून पाण्यातच होते.

"अक्का, सोडू नका."

"मी कशाला सोडते, तुम्ही सोडू नका."

रीळ फिरवायची सोय नव्हती. वेल्लिअम्मानं कानटोपी काढून हाताभोवती गुंडाळली, अण्णांनी रुमाल. दोघं म्हातारी माणसं वाळूवरून पाठमोरी, खुर्ची पाडत, धापा टाकत मागे मागे गेली. लाटेबरोबर शॅड वर आला. निळसर पाठीचा, चांगला हातभर, दात वाजवत. गळ अण्णांचा होता, पण ओढून आणलं होतं वेल्लिअम्माच्या दोरीनं. रांगेत असं झालं असतं तर नुसता वाद चालला असता.

"डोकं मला द्या," ती म्हणाली. "बाकी तुमचं."

"चव डोक्यातच असते."

"मग उगाच मागितलं काय?"

अण्णा हसले. झटक्यानंतर तोंड हसताना अजून जरा वाकडं होई, म्हणून ते लोकांत हसायचं टाळत.

झुंड पुढे गेल्यावर राजेन चालत आला. वाळूत पायानं रेघा मारत उभा राहिला.

"अण्णा, जागा रिकामीच आहे. मी कुणाला उभं राहू दिलं नाही."

"माझ्यापायी किती दोऱ्या कापल्यास?"

"मोजल्या नाहीत."

"वारा होता काय रे त्या दिवशी?"

राजेननं मान खाली घातली.

"शिडीही नव्हती," अण्णा म्हणाले. "झटका आला होता मला. हात गेलाय." हे त्यांनी आजवर बायकोशिवाय कुणापुढे उच्चारलं नव्हतं. "मी तिथे उभा राहिलो तर तुला रोज खोटं बोलावं लागेल. आणि तुला ते धड येत नाही. भेकीला सरकव माझ्या जागेवर. त्याची नजर पाण्यावर असते."

"आणि तुम्ही?"

"मी इथे टाकतो. जाईल तिकडे जाईल."

राजेननं पडलेली खुर्ची उचलून सरळ केली, अण्णांच्या गळाला आपल्या डब्यातली ताजी तारली शेपटीकडून नीट टोचून दिली, कारण शॅड आधी शेपटी चावतो, आणि रांगेकडे परत गेला. भेकीचा आवाज ऐकू आला, मग राजेनचा, आणि ती मोकळी जागा भरली. अण्णांनी ते शेवटपर्यंत बघितलं.

मग उठून त्यांनी काठी मागे नेली आणि फेकली. शिसं हवेतून डावीकडे वळत गेलं आणि वेल्लिअम्माच्या दोरीच्या पलीकडे पडलं.

वेल्लिअम्मानं आपली काठी वाळूत खोचली आणि शेजारची वाळू हातानं सारखी केली.

"बसा," ती म्हणाली. "आणि या खेपेला चहा काढा."