जाऊबाईंच्या नाटकात राजा नसतो

इतिहासावर नाटक लिहायला शिकवायचं आणि त्यात राजालाच बंदी घालायची, हे जगात फक्त आमच्या मोठ्या जाऊबाईंनाच सुचू शकतं. शाळेतून निवृत्त झाल्यापासून दर उन्हाळ्यात इंदिरानगरातल्या आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये त्या मुलांचा नाट्यलेखनाचा वर्ग घेतात आणि पहिल्याच दिवशी सांगून टाकतात, की इथं राजा येणार नाही. तो एकदा आला की बोलतच सुटतो आणि बाकीच्यांना नुसते मुजरे करत उभं राहावं लागतं. पुठ्ठ्याच्या तलवारी घेऊन आलेली पोरं हिरमुसतात. मग जाऊबाई विचारतात, लढाईला निघालेल्या घोड्याला पहाटे चारा कुणी घातला? त्याचं नाटक लिहा.

पुराव्याशिवाय त्या कुठल्याही पात्राला घोटभर पाणीसुद्धा पिऊ देत नाहीत. एका मुलानं शिवकाळातल्या हेराला शिदोरीत बटाट्याची भाजी बांधून दिली, तर तेव्हा आपल्याकडे बटाटा कुणी खात होतं का, हे ठरेपर्यंत तालीम बंद. तिसऱ्या दिवशी हेर भाकरी आणि कांदा घेऊन निघाला, तेव्हा कुठे स्वराज्याचं काम पुढं सरकलं. एकदा पाणी भरणारी बाई चढावर किती बोलू शकते हे कळावं म्हणून त्यांनी पाच मुलींना भरलेले हंडे देऊन तीन जिने चढायला लावले. पायऱ्यांवर पाणीच पाणी झालं. सेक्रेटरी तणतणत आले. जाऊबाईंनी त्यांचं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि मुलींना वहीत लिहायला सांगितलं, "चढताना वाक्य चार शब्दांच्या पुढे जात नाही." घरीही तेच. माझे यजमान ऑफिसातलं भांडण रंगवून सांगायला लागले, की या मध्येच विचारणार, तेव्हा पंखा चालू होता का? यजमानांचा सगळा आवेश तिथंच उतरतो.

गेल्या उन्हाळ्यात मागच्या कॉलनीतली सुजाता नावाची आठवीतली मुलगी वर्गाला आली. तिची पणजी नाशकातल्या मंदिरप्रवेशाच्या सत्याग्रहात होती. बंद दारासमोर, उन्हात, तान्हं मूल मांडीवर घेऊन बसलेली. सुजातानं आजोबांना खोदून खोदून विचारलं होतं आणि पणजीच्या लुगड्याच्या रंगापासून बरोबर आणलेलं पाणी कधी संपलं इथपर्यंत सगळं लिहून आणलं होतं. ती वाचायला लागली तशी मुलांची चुळबुळ थांबली. वाचून झाल्यावर जाऊबाई सवयीनं म्हणाल्या, दाराबाहेरचं झकास उतरलंय, पण आतली बाजू कोरीच राहिली. आतही माणसंच होती, त्यांचंही लिही.

सुजाता म्हणाली, "आतलं मला कोण सांगणार, मॅडम? आमच्या घरचं आत कुणी नव्हतं."

जाऊबाईंनी त्या दिवशी वर्ग लवकर सोडला.

कारण मला ठाऊक होतं. आत आमचे आजेसासरे होते, दाराला खांदा लावून उभ्या राहिलेल्यांपैकी एक. सासूबाईंनी आम्हा दोघी जावांना हे एकदाच सांगितलं होतं आणि त्यानंतर घरात कुणी तो विषय काढला नव्हता. संध्याकाळी जाऊबाई माझ्याकडे आल्या आणि म्हणाल्या, सुजाताला सांगावं म्हणते. मी म्हटलं, राहू द्या ना, मुलांचं तर नाटक आहे. मोठे भाऊजी चिडलेच. गेलेल्या माणसाची अब्रू पार्किंगमध्ये कशाला काढायची, असं त्यांचं म्हणणं. जाऊबाईंनी आम्हा दोघांचंही ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी सुजाताला शेजारी बसवून त्यांनी सासूबाईंकडून ऐकलेलं सगळं सांगितलं: धोतर कुठं फाटलं होतं, कोणत्या खांद्यावर वळ उठला होता, आणि त्या रात्री ते न जेवताच झोपले होते.

सुजाता थोडा विचार करून म्हणाली, की मग त्यांना वाईट वाटलं असणार, तसंच लिहिते. मुलगी आमची कड घेत होती. मी तिथंच होते. खरं सांगायचं तर मला हायसं वाटलं.

"नको," जाऊबाई म्हणाल्या. "का जेवले नाहीत ते कुणालाच माहीत नाही. नुसते दमलेही असतील. जेवले नाहीत, एवढंच लिही."

तेवढंच लिहिलं गेलं. चादरींचे पडदे लावून नाटक झालं. येणार नाही म्हणालेले भाऊजी लिफ्टपाशी उभे राहून बघत होते. आतला माणूस घरी येतो, समोरचं ताट बाजूला सारतो, आणि नाटक संपतं. टाळ्या जरा उशिरानंच पडल्या.

मग सुजाताचे आजोबा काठी टेकत जाऊबाईंपाशी आले. "आई सांगायची," ते म्हणाले, "दाराखालच्या फटीतून आतल्यांचे पाय दिसायचे. एक जण सारखा या पायावरून त्या पायावर व्हायचा. कोण होता, तिला काय ठाऊक."

असल्या तपशिलावर जाऊबाई एरवी तुटून पडतात. त्या दिवशी त्यांनी खुर्ची ओढून आजोबांना बसवलं आणि स्वतः शेजारी बसल्या. मुलांनी पडदे काढले, घड्या घातल्या, तरी ती दोघं तशीच बसून होती. मी चहा घेऊन खाली गेले. आजोबांना काहीतरी म्हणायचं माझ्या मनात होतं. जिना उतरताना शब्दही जुळवले होते. पण कप पुढं करताना, साखर चालते ना, एवढंच तोंडातून निघालं.

"चालते की," ते म्हणाले. "बसा तुम्हीपण."

मी बसले.