गोलपोस्टमागची जागा

"इंग्लंडला चाललायस, तर हिला नेशील का?" शेजारच्या आजोबांनी कुंपणावरून विचारलं आणि मी लगेच हो म्हणालो. 'हिला' म्हणजे आजींच्या अस्थींना. आजी जाऊन काही वर्षं झाली होती आणि डॉक्टरांनी आजोबांचा विमानप्रवास बंद केला होता. मला ऑफिसच्या कामासाठी तिकडे जायचंच होतं. आमच्याकडे अशा कामाला कुणी नाही म्हणत नाही. न्यायचं कुठे, एवढंसुद्धा मी आधी विचारलं नाही.

न्यायचं होतं फुटबॉलच्या मैदानावर.

आजोबा आणि आजी दोघंही इंग्लंडमधल्या एका लहानशा कॅथेड्रलच्या शहरातले. "क्राइस्टचर्चला आलो, कारण इथेही चौकात कॅथेड्रल होतं. तर भूकंपाने तेही मोडलं," ते सांगायचे. त्यांच्या शहरातलं कॅथेड्रल बघायला जगभरातून लोक यायचे. तिथल्या क्लबची सामने हरण्यापलीकडे काही ओळख नव्हती. गिरण्यांच्या शहरांत हजारो कामगार, शनिवारी दुपारी मोकळे, म्हणून तिथले क्लब मोठे झाले, असं आजोबांचं म्हणणं. यांच्याकडे पाद्री, वकील आणि पर्यटकांना चहा पाजणारी दुकानं. क्लब कायम खालच्या विभागात, मैदान बसस्टँडच्या मागे. आजी तरुणपणापासून एकाच गोलपोस्टमागे उभ्या राहायच्या. तिथून समोरच्या प्रेक्षकांच्या स्टँडच्या वर कॅथेड्रलचा मनोरा दिसे.

"हरताना बघायला तेवढंच एक बरं होतं," आजोबा म्हणाले.

मी क्लबला फोन केला. फोनवरचा माणूस हौसेने, बिनपगारी काम करणारा, आवाज दमलेला. पूर्वी आम्ही परवानगी द्यायचो, पण राखेने गवत जळतं, आता बंद, असं त्याने सांगितलं. शिवाय मैदान विकलं गेलं होतं. तिथे फ्लॅट होणार होते आणि क्लब पुढचा मोसम दुसऱ्याच गावात खेळणार होता. "कॅथेड्रलला विचारा ना. त्यांच्याकडे जागाच जागा आहे."

विचारलं. तिथल्या बाईंनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं. बागेत जागा मिळेल, छोटी प्रार्थनाही करू, म्हणाल्या. मी खुशीत आजोबांकडे गेलो.

"कॅथेड्रलमध्ये?" ते म्हणाले. "पाऊस आला की जायची ती तिथे. नाहीतर बाथरूमला."

"पण क्लब नाही म्हणतोय."

"तू विचारलंस कशाला, मेट? असलं कुणी विचारून करतं का? जायचं आणि टाकायचं."

परक्या गावात एक सावळा माणूस पिशवीतून पावडर काढून टाकतोय, हे चित्र त्यांच्या डोळ्यांपुढे येत नव्हतं. माझ्या येत होतं. ते मला सांगता आलं नाही. "बघतो," एवढंच म्हणालो.

निघायच्या आदल्या संध्याकाळी त्यांनी अस्थींची पेटी कापडी पिशवीत घालून दिली. बायकोने मला दारातच अडवलं. "आत नको आणूस. विसर्जनापर्यंत बाहेर ठेवतात." म्हणून मी पिशवी अंगणातल्या फिजोआच्या झाडाला टांगली. लहानपणापासून तसंच बघत आलो होतो.

सकाळी आजोबा कुंपणाशी उभे. "तिला झाडाला का टांगलंय?"

मी समजावून सांगितलं, जमेल तसं. मागून लेक इंग्रजीत म्हणाली, "डॅड, दॅट्स सो बॅड."

आजोबांनी झाडाकडे पाहिलं. "तिला उंचीची भीती वाटायची," म्हणाले. मग आत येऊन त्यांनी स्वतः पिशवी उतरवली आणि माझी टॅक्सी येईपर्यंत ती मांडीवर घेऊन पायरीवर बसून राहिले.

इंग्लंडमध्ये काम संपल्यावर मी ट्रेनने त्या शहरात गेलो. मैदानाभोवती उंच पत्रे ठोकलेले, फाटकाला कुलूप, बाहेर एक पहारेकरी.

"काय हवंय?"

"काही नाही. बघायला आलो होतो."

"बघायचं ते तिकडे आहे," म्हणत त्याने कॅथेड्रलच्या दिशेने हात केला.

पिशवी घेऊन मी त्या बागेत जाऊन बसलो. बाई आतच होत्या, फक्त दार ठोठावायचं होतं. घरी जाऊन आजोबांना काहीही सांगता आलं असतं. गाडीची वेळ होईपर्यंत बसलो आणि पिशवी घेऊन परत निघालो. क्राइस्टचर्चच्या विमानतळावर पिशवीत काय आहे ते सांगावं लागलं. अधिकारी हळू आवाजात म्हणाली, तुमच्या दुःखात सहभागी आहे. मी तिला थँक यू म्हणालो.

आजोबांना पिशवी हातात घेताच वजनावरून कळलं.

"मनोरा दिसत होता का?"

"पत्रे लावलेत. तिथून काही दिसत नव्हतं."

"कोपऱ्यावर, बसस्टँडच्या बाजूला उभं राहिलं की दिसतो. बाहेरूनसुद्धा."

मी कोपऱ्यापर्यंत गेलोच नव्हतो. तेवढं तरी करता आलं असतं. पिशवी घेऊन क्षणभर तिथे उभं राहायला मला कुणाची परवानगी लागणार नव्हती. तसं मी त्यांना सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि तिला आत नेलं.

काल ते कुंपणाशी आले होते. मैदान पाडायला सुरुवात झाली म्हणाले, आणि पहिल्यांदा तीच बाजू पाडली, गोलपोस्टमागची. मी सॉरी म्हणालो.

"तू काय करणार," ते म्हणाले. त्यांनी ते मनापासून म्हटलं होतं, म्हणून मला त्यांच्याकडे बघवेना.