लाडोच्या तोंडातली हळद

बद्रुद्दीनभाई वसमतच्या मोंढ्यात, हळदीच्या घाऊक बाजारात, फाटकी पोती शिवायचे. बायको जाऊन बरीच वर्षं झाली. मुलगी शबनम निजामाबादला दिलेली. गोदामामागच्या खोलीत ते आणि त्यांची मांजर लाडो, दोघंच. शेजारची खोली माझी. संध्याकाळी भिंतीपलीकडून त्यांचं बोलणं ऐकू यायचं. मध्येच ते थांबायचे, लाडोला उत्तर द्यायला वेळ दिल्यासारखे, आणि मग पुढं बोलायचे. मला तर तेवढंही कुणाशी बोलायला जमलं नाही.

उन्हाळ्याच्या तोंडावर लाडोची लाळ गळू लागली. एकाच बाजूनं चावायची, घास खाली पडायचा. बद्रुद्दीनभाईंना वाटलं, उंदराचं हाड लागलं असेल. मोंढ्यात कुणाला दाभण टोचला की पोत्यातली चिमूटभर हळद दाबून लोक परत कामाला लागतात. त्यांनीही तुपात हळद कालवून तिच्या जिभेखाली भरायला सुरुवात केली. ती ओरडायची, ओरबाडायची.

"लेकरू हाय, रडनारच," ते म्हणायचे. "औषध बराबर लागून राहिलंय."

पण तोंडाला वास येऊ लागला. मी भीतभीतच म्हणालो, "जनावरांच्या दवाखान्यात दाखवू या का?"

लाडोला पिशवीत घालून आम्ही गेलो. दवाखान्यात सगळी गुरंढोरं. एका म्हशीवाल्यानं पिशवीत डोकावून विचारलं, "चाचा, दूध किती देती?"

"तुमच्या म्हशीइतकंच," बद्रुद्दीनभाई म्हणाले. "पन लाथ मारत न्हाई."

तो मोठ्यानं हसला आणि त्यानं आम्हाला पुढं जाऊ दिलं.

डॉक्टर कोमल मॅडमनी लाडोला गुंगीचं इंजेक्शन दिलं. कापसानं हळद पुसली, तेव्हा जिभेखालची गाठ दिसली. तिचा तुकडा त्यांनी तपासायला परभणीला पाठवला. काही दिवसांनी पुन्हा गेलो, तेव्हा कळलं, कॅन्सर निघाला. जबड्याच्या हाडापर्यंत गेला होता.

"हळदीनं झाला का?" बद्रुद्दीनभाईंनी विचारलं.

"नाही चाचा, हळदीनं नाही होत. पण हळदीखाली तो दिसला नाही. आणि हात लावला की तिला फार दुखत असणार."

परभणीला जबड्याचा भाग काढता येईल, मग नळीनं खाऊ घालावं लागेल, पण इतकं पसरल्यावर त्याचा उपयोग होईल असं वाटत नाही, असं त्यांनी समजावून सांगितलं. दुसरा उपाय म्हणजे दुखणं कमी करायचे थेंब आणि पातळ खाणं. "खायचं पूर्ण थांबली की मला बोलवा. उपाशी तडफडू देऊ नका."

बद्रुद्दीनभाईंनी थेंब घेतले. घरी आल्यावर मात्र लाडो त्यांना जवळच येऊ देईना. त्यांचा हात दिसला की रिकाम्या पोत्यांमागं दडायची. शेवटी कोंबडी शिजवलेल्या पाण्यात थेंब घालून वाटी मीच तिच्यापुढं सरकवू लागलो. माझ्या हातून ती चाटायची. मला फार संकोच वाटायचा. बद्रुद्दीनभाई उंबऱ्याबाहेर बसून राहायचे.

"तातेराव, काय करून राहिली?"

"पिऊन राहिली."

"समदं?"

"अर्धं."

"बरं. मी आलो तर तेवढंबी टाकून देईल."

मग त्यांनी कामावर जाणं बंद केलं. साबण, लिंबू, राख, सगळ्यानं हात घासले. आयुष्यभराचा पिवळा रंग नखांच्या कडेतून काही निघाला नाही. एकदा माझ्या नाकापुढं तळवे धरून म्हणाले, "बघा बरं, येतो का वास?"

येत होता. मी म्हणालो, "न्हाई."

त्या दिवशी ते वाटी घेऊन आत गेले. लाडो पोत्यांमागून बाहेर आली नाही.

पुढं तिनं पाणीही सोडलं. मॅडमना मी फोन केला. त्या स्वतः खोलीवर आल्या. लाडो कोपऱ्यात पडून होती. बद्रुद्दीनभाई तिच्याजवळ बसले, हात पुढं केला आणि तसाच ठेवला. ती हलली नाही. त्यांनी हळूच तिला मांडीवर घेतलं. तिनं हनुवटी त्यांच्या मनगटावर टेकली. लाळ त्यांच्या बाहीवर गळत होती.

मॅडमनी इंजेक्शन दिलं. थोड्याच वेळात तिचं पोट हलायचं थांबलं.

बद्रुद्दीनभाईंनी मान वर न करता विचारलं, "तातेराव, माझ्यापाशी आली म्हणावं का? का पळता आलं न्हाई म्हणून ऱ्हायली?"

मॅडमनी माझ्याकडं पाहिलं. मी फडकं ओलं करून त्यांच्या बाहीवरची लाळ पुसू लागलो.